चूक समोरच्याची, गाडी आपली: धडकेनंतर इन्शुरन्सचा क्लेम कसा करायचा

रविवारची संध्याकाळ. साताऱ्याहून पुण्याला परत येताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे होतो. गाडी पूर्ण थांबलेली, माझा पाय ब्रेकवर. मागून टेम्पो आला आणि डिकीवर धाडकन आदळला. मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंच्या हातातली पाण्याची बाटली उडून पुढे डॅशबोर्डवर आपटली. सुदैवाने कोणाला लागलं नाही.

चूक कोणाची हा वादच नव्हता. टेम्पोवाल्यानेही हात जोडून कबूल केलं. तरीही पुढचा महिना-दीड महिना धावपळ मीच केली, क्लेम माझ्याच पॉलिसीवर झाला आणि पुढच्या वर्षीचा हप्ताही माझाच वाढला. त्यानंतर नात्यातल्या, सोसायटीतल्या पाच-सहा जणांच्या क्लेमच्या वेळी सोबत गेलो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "त्याने ठोकलं ना, मग त्याचा इन्शुरन्स भरून देईल ना?" पहिलीच गाडी घेतलेल्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या

आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात दोन वेगळे भाग असतात. ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान, चूक कोणाचीही असो. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार थर्ड पार्टी सक्तीची आहे, ओन डॅमेज ऐच्छिक. शिवाय मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसीच्या कागदावर तो आहे का, हे आज घरी गेल्यावर बघून घ्या.

टेम्पोवाल्याच्या थर्ड पार्टी विम्यातून माझं नुकसान भरून निघायला हवं, हे कायद्याने बरोबरच आहे. पण ते पैसे त्याची विमा कंपनी फोनवर मंजूर करून देत नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला एमएसीटी म्हणतात तिथे, अर्ज करावा लागतो. तारखा पडतात, वकील लागतो. चाळीस-पन्नास हजारांच्या पत्र्याच्या कामासाठी कोणी तिकडे जात नाही. लोक आपल्याच ओन डॅमेजमधून गाडी दुरुस्त करून घेतात. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर मात्र दोनच वाटा उरतात: समोरच्याशी बोलून पैसे घेणं, नाहीतर न्यायाधिकरण. म्हणून गाडी चार-पाच वर्षांची होईपर्यंत तरी ओन डॅमेज सोडू नका, असं मी आग्रहाने सांगतो.

पहिला अर्धा तास

सगळ्यात आधी माणसं. गाडीतल्या प्रत्येकाला नावाने विचारा, मान-पाठ हलवून बघायला सांगा. दुखापत असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरून क्रेन आणि रुग्णवाहिकेची मदत मिळते. हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि सगळ्यांना रस्त्याच्या कडेला, रेलिंगच्या पलीकडे उभं करा. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उभं राहून डेंट बघू नका. द्रुतगती मार्गावर मागून येणारी तिसरी गाडी पहिल्या धडकेपेक्षा घातक ठरू शकते.

मग फोटो. गाड्या हलवण्याआधी काढा. मी इथेच चुकलो. पहिली पंधरा मिनिटं टेम्पोवाल्याला "लक्ष कुठे होतं" म्हणून ओरडण्यात घालवली. तोवर मागच्या हॉर्नमुळे टेम्पो बाजूला घ्यावा लागला, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेतला फोटो राहूनच गेला. नंतर विम्यासाठी नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने नेमका तोच मागितला.

काय काय टिपायचं? चारही बाजूंनी लांबून असे फोटो, ज्यात रस्ता, लेन आणि आजूबाजूची ओळखता येईल अशी जागा दिसेल: टोलनाका, दुकानाची पाटी, किलोमीटरचा दगड. समोरच्या गाडीची नंबरप्लेट पूर्ण अक्षरांसह, आणि दोन्ही नंबरप्लेट एकाच चौकटीत येतील असा एक तरी फोटो. नुकसान जवळून. समोरच्या चालकाचं लायसन, आरसी आणि विम्याचा कागद. विम्याच्या कागदावर कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि मुदत संपल्याची तारीख वाचता आली पाहिजे. शेवटी एक छोटा व्हिडिओ करा. त्यात तारीख, वेळ आणि जागा स्वतःच्या आवाजात बोला.

समोरच्याचा फोन नंबर घेतलात तर तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन बघा. मला मिळालेला नंबर दुसऱ्या दिवसापासून बंद होता. टेम्पो, ट्रक किंवा टॅक्सी असेल तर चालक आणि मालक वेगळे असतात, त्यामुळे मालकाचं नाव आरसीवरून घ्या. चालक कागद दाखवायला तयार नसेल तर वाद घालू नका. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत कुठवर आहे ते कळू शकतं. कायद्याच्या कलम १६० प्रमाणे अपघातातल्या वाहनाचा तपशील भरपाई मागणाऱ्याला देणं हे पोलीस आणि आरटीओचं काम आहे, तेव्हा तो नंतरही मिळवता येतो.

डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड लगेच काढून खिशात ठेवा. तो कॅमेरा जुन्यावर नवं चित्रीकरण चढवत जातो, आणि दोन दिवस गाडी फिरली की धडक पुसली जाते. टोलनाका, पेट्रोल पंप, दुकान यांच्या सीसीटीव्हीचंही तेच. तिथलं रेकॉर्डिंग जपून ठेवावं म्हणून पोलिसांकडे लेखी अर्ज द्या, आणि तो त्याच आठवड्यात द्या.

कोणी पाहिलं असेल तर नाव-नंबर विनंती करून घ्या. लोक "उगाच कोर्टात जावं लागेल" म्हणून मागे सरतात. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ ने संरक्षण आहे आणि स्वतःची ओळख सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. एवढं नीट सांगितलं की बरेच जण आपणहून नंबर देतात.

पोलिसांकडे नेमकं काय मागायचं

फक्त पत्र्याचं नुकसान झालं असेल आणि दोन्ही बाजू शांत असतील तर पोलीस बऱ्याचदा म्हणतात, "आपसात मिटवा." आपल्याच ओन डॅमेजचा साधा क्लेम असेल तर कंपन्या बहुतेक वेळा एफआयआरशिवायही तो घेतात. तरी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडलं तिथे जाऊन अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करतात. तिचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्या. सहा महिन्यांनी कोणी "असं काही घडलंच नव्हतं" म्हणाला, तर हाच कागद उभा राहतो.

कोणाला दुखापत झाली असेल, समोरचा दारू पिऊन असेल, पळून गेला असेल किंवा नुकसान मोठं असेल, तर नोंदीवर समाधान मानू नका. एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा झालाच पाहिजे. बेदरकार वाहन चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. जबाब देताना घडलं तेवढंच सांगा: गाडी थांबलेली होती, इंडिकेटर चालू होता, मागून धडक बसली. "बहुतेक त्याचा वेग ऐंशी असेल" असे अंदाज जबाबात घालू नका. सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. लिहिलेलं आणि तुम्ही सांगितलेलं वेगळं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

जागेवर पैसे घ्यावेत का?

कोणाला काहीही लागलेलं नसेल, काम पाच-सात हजारांचं असेल आणि समोरचा देत असेल, तर जरूर घ्या. पैसे यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद राहते. साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम आणि "गाडीच्या नुकसानीपोटी" एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा.

दोन बाबतीत मात्र सावध राहा. जराही दुखापतीची शंका असेल तर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. मानेचं दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. दुसरं असं, की समोरच्याकडून पैसे घेऊन त्याला मोकळं केलं आणि नंतर त्याच नुकसानीसाठी आपल्या कंपनीकडे क्लेम टाकला, तर कंपनीचा त्याच्याकडून वसुली करण्याचा हक्क तुम्ही संपवलेला असतो. क्लेम नाकारायला ते कारण पुरतं. तेव्हा दोन्हीपैकी एक वाट धरा.

कंपनीला फोन, आणि मग थांबा

शक्यतो त्याच दिवशी विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा अ‍ॅपवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. काही दिवस मध्ये गेले तर उशिराचं कारण लेखी द्या. उशीर झाला एवढ्यावरून क्लेम बुडत नाही, पण प्रश्न वाढतात.

गाडी चालण्यासारखी नसेल तर कंपनीकडूनच क्रेन मागवा. रस्त्यावर आपोआप येऊन उभ्या राहणाऱ्या क्रेनवाल्याला "आमच्या गॅरेजला नेतो" म्हणू देऊ नका. कॅशलेस हवं असेल तर कंपनीच्या यादीतलं गॅरेज निवडा. ओळखीच्या मेकॅनिकवर जास्त भरवसा असेल तर तिथेही नेता येते. मग आधी खिशातून भरायचं आणि बिलं देऊन परतावा घ्यायचा. माझा अनुभव असा, की बंपर आणि पत्रा इतकंच असेल तर जुना मेकॅनिक छान काम करतो, पण चॅसिसपर्यंत मार गेला असेल तर अधिकृत वर्कशॉपच बरं.

सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडी उघडू द्यायची नाही, स्क्रूसुद्धा काढायचा नाही. गॅरेजवाला "वेळ वाचेल" म्हणतो, पण खोललेल्या गाडीत काय आधी तुटलं आणि काय खोलताना तुटलं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

क्लेम करायचा की नाही, हा हिशेब

हा भाग एजंट फारसा सांगत नाहीत. वर्षभर क्लेम केला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी ओन डॅमेजच्या हप्त्यावर सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक क्लेम केला की ही सूट शून्यावर येते. चूक समोरच्याची असली तरीसुद्धा. कारण ही सूट क्लेम न करण्याबद्दल आहे, चूक न करण्याबद्दल नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण तो तसाच आहे आणि तो धरूनच हिशेब करायला हवा.

समजा सुटीआधीचा तुमचा ओन डॅमेजचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि आता ३५ टक्के सूट चालू आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के आणि त्यानंतर कायम ५० टक्के मिळेल. क्लेम केला तर पुढची पाच वर्षं ०, २०, २५, ३५, ४५ अशी सूट मिळेल. फरक अनुक्रमे ४,५००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, एकूण १२,०००. वर १८ टक्के जीएसटी धरला तर १४,०००च्या थोडं वर. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून खरा आकडा जरा कमी निघेल. म्हणजेच कंपनीकडून हातात पडणारी रक्कम दहा-बारा हजारांच्या आत असेल, तर खिशातून खर्च करणं बरं. त्याहून बरीच जास्त असेल तर बिनधास्त क्लेम करा. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचं वाढीव संरक्षण, घेतलेलं असेल तर हा हिशेब बदलतो, तेव्हा पॉलिसीच्या पानावर ते आधी शोधा.

सर्व्हेअरच्या भेटीला स्वतः हजर राहा

मोटारीच्या नुकसानीचा अंदाज ५०,००० रुपयांवर गेला की परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. त्याखाली कंपनी स्वतःच्या माणसाकडून किंवा नुसत्या व्हिडिओ कॉलवरही पाहणी करू शकते.

माझ्या गाडीचा सर्व्हेअर मंगळवारी सकाळी गॅरेजमध्ये आला. मी रजा टाकून गेलो होतो, आणि ते किती बरं झालं हे तिथे कळलं. त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग डिकी आणि मागच्या पॅनेलमधल्या फटीतून बोट फिरवलं. डावीकडे बोट सहज सरकलं, उजवीकडे अडलं. बंपर दाबून बघितला, चॅसिस नंबरचा फोटो घेतला आणि डायरीत लिहायला लागला: बंपर, डिकीचं दार, काच, टेललाइट. निघायच्या बेतात होता, तेव्हा गॅरेजचा जुना डेंटर हळूच म्हणाला, "साहेब, स्टेपनी काढून बघा." डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली, तर खालचा पत्रा बशीसारखा वर आलेला. वरून काहीच दिसत नव्हतं. तो पत्रा त्या दिवशी अहवालात आला म्हणून त्याचे पैसे मिळाले.

म्हणून हजर राहा, आणि डेंटरला आधी विचारून ठेवा की आतून काय काय बघायला हवं. काम सुरू झाल्यावर आणखी काही तुटलेलं सापडलं तर काम तिथेच थांबवून पुरवणी एस्टिमेट पाठवायला सांगा. कंपनी पुन्हा पाहणी करून मंजुरी देते. मंजुरीआधी बदललेल्या भागाचे पैसे मिळवणं फार अवघड जातं. सर्व्हेअर कसं घडलं ते विचारेल. क्लेम फॉर्ममध्ये, पोलीस जबाबात आणि तोंडी सांगण्यात एकच गोष्ट असू द्या. जुना ओरखडा या क्लेममध्ये ढकलायचा मोह टाळा. गंज आणि जुना रंग त्यांना लगेच ओळखू येतो, आणि मग खऱ्या नुकसानीवरही संशय बसतो.

विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा आहे. या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. "फाईल प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं की कुठला टप्पा, कोणत्या तारखेपासून, हे ईमेलवर विचारा.

बिलातलं किती मिळतं

नव्या माणसाला सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो. साध्या पॉलिसीत सुट्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे उतरलेली किंमत, कापतात. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३०. काचेवर काहीच नाही. लोखंडी पत्र्यावर गाडीच्या वयानुसार: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के.

साडेतीन वर्षांची, १५०० सीसीच्या आतली गाडी धरू. मागचा बंपर ९,०००, त्यातले मिळतात ४,५००. डिकीचं दार १६,०००, २५ टक्के वजा जाऊन १२,०००. मागची काच ६,०००, पूर्ण. मजुरी ८,०००, पूर्ण. रंगकाम १२,०००: त्यातला चौथा भाग म्हणजे ३,००० रंगाचा माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणून १०,५००. बिल ५१,०००, मंजूर ४१,०००. त्यातून सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, १,००० वजा (१५०० सीसीवरच्या गाडीला २,०००). हातात ४०,०००, खिशातून ११,०००. पॉलिसीत स्वेच्छेने जास्त डिडक्टिबल घेतलं असेल तर तेही वजा होतं. झिरो डेप अ‍ॅड-ऑन असेल तर घसारा कापत नाहीत, पण वर्षात असे किती क्लेम चालतील त्याला सहसा मर्यादा असते.

दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवरच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीइतकी रक्कम देतात, अर्थात डिडक्टिबल वजा करून. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही मुद्दाम खाली ठेवलेल्यांना याच वेळी पश्चात्ताप होतो.

दुखापत झाली असेल तर

इथून पुढे गाडीचा विचार मागे पडतो. रुग्णालयात "रस्ता अपघात" अशी स्पष्ट नोंद करून घ्या, म्हणजे एमएलसी, अर्थात पोलिसांना कळवली जाणारी मेडिको-लीगल नोंद, होते. केंद्र सरकारच्या मे २०२५ पासूनच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा. औषधांची बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाचं भाडं, बुडालेल्या पगाराचं पत्र, सगळं एका फाईलमध्ये लावत जा.

दुखापतीच्या भरपाईची जबाबदारी समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावर असते आणि तिला रकमेची वरची मर्यादा नाही. अर्ज एमएसीटीकडे करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळाच. अर्ज अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही करता येतो, त्यामुळे सोलापूरजवळच्या अपघातासाठी ठाण्याच्या माणसाला सोलापूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो गेला का, हे तपासी अंमलदाराला विचारत राहा. कोणाची चूक हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम घ्यायची असेल तर कलम १६४ आहे: गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. हा मार्ग घेतला की १६६ खाली जास्त मागता येत नाही, म्हणून वकिलाला विचारून मगच ठरवा. रुग्णालयाच्या दारात व्हिजिटिंग कार्ड देणाऱ्या वकिलाला मात्र तिथल्या तिथे वकालतनामा सही करून देऊ नका.

गाडीचं नुकसान खूप मोठं असेल तर तेही याच न्यायाधिकरणात मागता येतं. समोरची गाडी मोटार किंवा टेम्पो असेल तर तिच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, म्हणून आपल्या कंपनीच्या व्हाउचरवर "पूर्ण आणि अंतिम" असं लिहिलेलं असेल तर सहीआधी वकिलाला दाखवा.

समोरच्याचा विमाच नसेल तर? तो दंडाला पात्र आहे, पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण तुमची भरपाई त्या गाडीच्या मालकाकडूनच वसूल करावी लागते आणि ते जिकिरीचं काम आहे. ठोकून पळून गेलेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. त्यातून गाडीचं काही मिळत नाही.

क्लेम अडला किंवा नाकारला तर

नाकारण्याची कारणं लेखी मागा. काही कारणं खरीच टिकतात: चालकाकडे लायसन नसणं, दारू, खासगी गाडी भाड्याने चालवणं, पॉलिसीत न नोंदवलेलं सीएनजी किट. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा: आरसी नावावर झाली तरी ओन डॅमेज आपोआप तुमच्या नावावर येत नाही. १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. माझ्या एका शेजाऱ्याने हे केलं नव्हतं आणि त्याला एक रुपयाही मिळाला नाही.

काही कारणं मात्र टिकत नाहीत. पीयूसी नव्हतं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं आयआरडीएआयने ऑगस्ट २०२० मध्येच स्पष्ट केलेलं आहे.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. राज्यात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. लोकपाल फक्त तुमच्या स्वतःच्या कंपनीविरुद्धची तक्रार ऐकतो. समोरच्या गाडीच्या कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही. लोकपालाऐवजी ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे.

गाडी ताब्यात घेताना

गॅरेजवाला समाधानपत्रावर सही मागतो, कारण त्याशिवाय कॅशलेसचे पैसे त्याला मिळत नाहीत. सही सगळ्यात शेवटी करा. दिवसाच्या उजेडात जा. बदललेला पॅनेल आणि शेजारचा जुना पॅनेल यांच्या रंगात फरक दिसतो का, तिरक्या कोनातून बघा. बिलात "बदलला" असं लिहिलेला भाग खरंच नवा आहे ना, त्याच्यावरचं कंपनीचं लेबल दाखवायला सांगा. डिकी चार-पाच वेळा उघड-बंद करा. सगळे लाइट, पार्किंग सेन्सर आणि मागचा कॅमेरा चालू करून बघा. मग पाण्याचा पाईप मागून घ्या आणि डिकीच्या रबराच्या कडेने दोन मिनिटं पाणी मारा. आमच्या गाडीत ते स्टेपनीच्या खड्ड्यात उतरलं होतं. रबर पुन्हा बसवायला त्यांना अर्धा तास लागला, आणि मी तोवर पेन खिशातच ठेवलं.